हेमंतातील क्रीडा आणि अर्धशक्तीचे विस्मरण

मार्गशीर्ष लागला की वैद्याकडे येणाऱ्या प्रश्नांचे स्वरूप पालटते. ग्रीष्मात ‘काय प्यावे’ आणि वर्षाऋतूत ‘काय टाळावे’ असे विचारणारा रुग्ण हेमंतात विचारतो, ‘या थंडीत खेळावे की खेळू नये?’ गुलमंडीसारख्या जुन्या बाजारपेठेत, जेथे अनेक घरांतील एखादे अपत्य परदेशी स्थायिक झालेले आहे, या प्रश्नाला अलीकडे एक नवा फाटा फुटला आहे. तिकडची मराठी तरुण मंडळी हिवाळ्यात, प्रसंगी बर्फ पडलेले असतानाही, ‘डिस्क गोल्फ’ नावाचा खेळ खेळतात. त्याची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून इकडे येतात आणि आईवडिलांचा जीव खालीवर होतो. ‘वैद्यराज, आमच्या पोराला जरा समजावून सांगा, छातीत थंडी भरेल’, अशी विनंती घेऊन ते आमच्यापुढे बसतात. आमचे उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटते. पोराची चिंता थोडी कमी करावी आणि विनंती घेऊन आलेल्या वडिलांची थोडी अधिक करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणमीमांसा वैद्यबंधूंपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम त्या खेळाविषयी, कारण आपल्याकडे त्याचे नाव फारसे परिचित नाही. गोल्फमध्ये काठीने चेंडू खळग्यात घालतात. येथे हाताने चकती फेकून ती एका खांबाला लावलेल्या टोपलीत पाडायची असते. टोपलीच्या वर लोखंडी साखळ्या लोंबत असतात. चकती त्यांना आपटून खाली टोपलीत पडते. पहिली चकती जेथे पडेल तेथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. अशा बहुधा १८ टोपल्या झाडीतून, चढउतारांवरून मांडलेल्या असतात, त्यामुळे एका डावात काही किलोमीटर चालणे सहज होते. या खेळाचे पहिले कायमस्वरूपी मैदान अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात १९७५ साली झाले. ते आखणारे एड हेड्रिक यांनी पुढच्याच वर्षी खेळाडूंची संघटना स्थापन केली आणि साखळ्यांच्या टोपलीची रचनाही त्यांचीच. (२००२ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा मिसळून चकत्या तयार करण्यात आल्या. खेळाचे वेड म्हणावे ते असे!) पुढे हा खेळ उत्तर युरोपात, विशेषतः फिनलंडमध्ये, फार रुजला. तेथे हिवाळा म्हणजे वर्षाचा मोठाच हिस्सा असल्यामुळे थंडीत खेळ बंद ठेवणे परवडत नाही. चकतीच्या तळाला रंगीत फीत चिकटवतात, म्हणजे ती बर्फात रुतली तरी सापडते.

आमच्या दृष्टीने या खेळात लक्षात घेण्यासारखी गोष्ट त्याची लय ही आहे. एक जोरकस फेक, मग चालणे, मग इतरांची फेक होईपर्यंत उभे राहणे, पुन्हा एक जोरकस फेक. म्हणजे आयास सलग नाही; तो तुटक आहे आणि दोन आयासांच्या मध्ये शरीर गार होते. स्नायू काम करीत असताना उष्णता उत्पन्न करतात, थांबले की ती उष्णता थंड हवा हिरावून नेते; अंगातील कपडा घामाने ओला असेल तर अधिकच वेगाने. गार झालेल्या स्नायूची शक्ती घटते, कंडरा ताठरतात, बोटे बधिर होतात. त्यातच थंड हवा घन असल्यामुळे चकतीला अवरोध अधिक होतो, आणि चकतीचे प्लास्टिकही कडक होते. परिणामी उन्हाळ्यात जेथवर चकती जात असे तेथवर ती हिवाळ्यात पोहोचत नाही. अशा वेळी खेळाडू काय करतो? अंतर भरून काढण्यासाठी तो अधिक जोर लावतो. आपल्या शास्त्राने ज्याला ‘साहस’ म्हटले आहे, म्हणजे बलाच्या मर्यादेबाहेरचा आयास, तो नेमका येथे घडतो. चरकाचार्यांनी निदानस्थानात शोषाच्या चार हेतूंमध्ये साहसाला प्रथम स्थान दिले आहे, आणि चिकित्सास्थानात क्षतक्षीणाच्या हेतूंत शिला व काष्ठे फेकण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. चकती दोनशे ग्रॅमपेक्षा कमी वजनाची असते, ती काही शिला नव्हे. तथापि खांदा, कोपर आणि कंबर यांना वजनापेक्षा झटका अधिक बाधतो.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग थंडीत खेळू नये हेच खरे. नाही. शास्त्राचा आशय याच्या उलट आहे. विसर्गकालाच्या अखेरीस, म्हणजे हेमंतात, मनुष्याचे बल श्रेष्ठ असते. बाहेरच्या शीतामुळे उष्मा आत कोंडला जातो आणि अग्नी प्रबळ होतो. कुंभाराचा आवा बाहेरून लिंपला म्हणजे आत आच वाढते, तसे. वाग्भटाचार्य तर हेमंतचर्येत नियुद्धाचा, म्हणजे कुस्तीचा, आवर्जून उपदेश करतात. ज्या ऋतूत शास्त्रकार आखाड्यात उतरायला सांगतात त्या ऋतूत आपण रुग्णाला दुलईत बसवून ठेवणे हे शास्त्राचे अनुसरण खचितच नव्हे. मुलांच्या बाबतीत तर ‘सर्दी होईल’ या एका वाक्यावर संपूर्ण हेमंत घरात काढला जातो, आणि पुढे वसंतात संचित कफ द्रवू लागला की तीच मुले खोकत आपल्याकडे आणली जातात.

परंतु नियुद्धाच्या त्या उपदेशाला दोन शब्द जोडलेले आहेत, आणि आमच्या मते सर्व मर्म त्या दोन शब्दांत आहे. नियुद्ध करावे ते कुशल लोकांबरोबर, आणि युक्तीने. त्याआधी दिनचर्येच्या अध्यायात व्यायामाची मात्रा सांगताना वाग्भटाचार्यांनी अर्धशक्तीची मर्यादा घातली आहे, आणि तीही कोणासाठी? जो बलवान आहे, जो स्निग्ध आहार घेतो, त्याच्यासाठी. शीतकाळात आणि वसंतात. इतर काळी याहून कमी. स्वस्थवृत्ताच्या परीक्षेत आपण सर्वांनी हे लिहून गुण मिळवले आहेत, पण त्यातून निघणारा निष्कर्ष व्यवहारात फार थोडे जण पुढे नेतात. अर्धशक्ती ही सर्वसाधारण सरासरी नाही. ती वर्षातल्या सर्वोत्तम ऋतूतील सर्वोत्तम माणसाची कमाल मर्यादा आहे. ‘हिवाळा आहे, आता जोर लावा’ असे सांगणारा व्यायामशिक्षक आणि ‘हेमंतात बल उत्तम असते, भरपूर खेळा’ असे सांगणारा वैद्य, दोघेही या वाक्याचा पूर्वार्ध वाचून थांबलेले असतात.

आता त्या पोराकडे आणि त्याच्या वडिलांकडे वळू. पोरगा तिशीचा आहे. त्याने एकावर एक तीन कपडे चढवले आहेत, कान झाकले आहेत, पायांत जाड बूट आहेत, दोन फेकींच्या मध्ये तो हात उबदार खिशात ठेवतो. हेमंतचर्येत उष्ण प्रावरणे आणि पादत्राणे सांगितली आहेत, ती त्याने वाग्भट न वाचता स्वीकारली आहेत, कारण शून्याखालच्या थंडीत दुसरा मार्गच नसतो. थंडी इतकी उघड असते की ती कोणाला फसवू शकत नाही.

वडिलांची गोष्ट निराळी आहे. ते पन्नाशी ओलांडलेले आहेत. बाजारात गादीवर अथवा गल्ल्यावर बसून दहा-दहा तास काढतात. दिवाळीचा हंगाम आणि पाठोपाठ तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई यात जेवणाच्या वेळा कोलमडलेल्या, झोप अपुरी, रक्तदाबाची गोळी अधूनमधून विसरलेली. मग कोणीतरी सुचवते आणि एके दिवशी ते पहाटे पाचला मैदानावर जातात, किंवा रविवारी मित्रांबरोबर रबरी चेंडूचे क्रिकेट खेळायला उतरतात. आपल्या शहरात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान साधारणतः १० ते १२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, काही पहाटे त्याहूनही खाली जाते. ‘ही कसली थंडी!’ म्हणून अंगात अर्ध्या बाह्यांची बंडी. पोटात एक कप चहा. मे महिन्यात चाळिशीच्या पलीकडचा उन्हाळा सोसणाऱ्या देहाला बारा अंशांची पहाट ही थंडीच आहे. शीत हे तापमापकावर मोजायचे नसून सात्म्यावर मोजायचे असते. आणि क्रिकेटची लय पाहिली तर ती त्या चकतीच्या खेळासारखीच तुटक. वीस मिनिटे सीमारेषेवर स्तब्ध उभे राहणे, अंग गार पडणे आणि मग एकाएकी चेंडूमागे धाव.

थंडीत त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित होतात, रक्तदाब चढतो, हृदयाला अधिक प्रतिरोधाविरुद्ध काम करावे लागते. हृद्रोगाचे झटके हिवाळ्यात आणि सकाळच्या प्रहरी अधिक येतात, हे आधुनिक वैद्यकाने वारंवार नोंदवलेले आहे. थंड व कोरडी हवा तोंडाने ओढली गेली की श्वासमार्ग आकसतो, आणि तमकश्वासाची प्रवृत्ती असलेल्यास वेग येतो. यात आपल्या शास्त्राला विसंगत असे काहीच नाही. शीत, रूक्ष आणि चल या तिन्ही गुणांनी वायू एकाच वेळी प्रकुपित होण्याची ही जागा आहे. शिवाय हेमंतातील प्रबळ अग्नीला योग्य इंधन मिळाले नाही तर तो धातूंनाच पचवू लागतो, असा चरकाचार्यांचा इशारा आहेच. रात्री दोन फुलके आणि सकाळी बिनसाखरेचा चहा एवढ्यावर थंडीत धावणारा मधुमेही, विशेषतः जो इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेतो, त्याच्या बाबतीत हा इशारा किती शब्दशः खरा ठरू शकतो हे वेगळे सांगायला नको.

येथे काही ज्येष्ठ वैद्य ब्राह्ममुहूर्ताचा मुद्दा उपस्थित करतात. पहाटे उठणे हाच तर दिनचर्येचा पाया. मग पहाटेच्या व्यायामाला विरोध का? आम्ही आदरपूर्वक असे निवेदन करतो की ब्राह्ममुहूर्त सांगितला आहे तो उठण्यासाठी, आणि तोही स्वस्थ मनुष्याला. उठणे आणि व्यायाम यांच्या मध्ये शास्त्रकारांनी मलविसर्जन, दंतधावन, अंजन, नस्य, गंडूष आणि अभ्यंग एवढा क्रम घातला आहे. हा क्रम प्रामाणिकपणे पाळून पाहावा. व्यायामाला उभे राहीपर्यंत उजाडलेले असते. पौषात आपल्याकडे सूर्योदयच सातच्या सुमारास होतो. त्यापूर्वीची हवा जमिनीलगत कोंडलेली असते. वरचा थर उबदार आणि खालचा गार राहिल्यामुळे धूर वर चढत नाही. शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा आणि वाहनांचा धूर डोक्याच्या उंचीवर तरंगत राहतो. त्यात दीर्घ श्वास घेत चालण्याला प्राणायाम म्हणावे काय? गुलमंडीतील बहुतेक दुकानांच्या फळ्या दहा-साडेदहाच्या पुढे उघडतात. साडेसात ते नऊ हा वेळ व्यापाऱ्यालाही सहज मिळण्याजोगा आहे. आमखास मैदानावर किंवा विद्यापीठाच्या परिसरात कोवळे ऊन आलेले असते, आणि ऊन युक्तीने घ्यावे हेही हेमंतचर्येतच सांगितले आहे.

अर्धशक्ती ओळखायची कशी, हा खरा चिकित्सेचा प्रश्न. कपाळ, नाक, काख येथे स्वेद येणे, मुखाला शोष पडणे, श्वास मुखाने चालू लागणे ही लक्षणे आपण पाठ केलेली आहेत. थंडीत मात्र यांतील दोन लक्षणे दगा देतात, असा आमचा अनुभव आहे. रूक्ष वाऱ्यात घाम कपाळावर दिसण्यापूर्वीच उडून जातो, त्यामुळे रुग्ण म्हणतो, ‘अजून घामसुद्धा नाही आला’, आणि पुढे रेटतो. उलट मुखशोष थंड कोरड्या हवेमुळे आयासाविनाही होतो. उरतो तो श्वास. म्हणून हिवाळ्यात आम्ही रुग्णाला श्वासाचीच खूण देतो: चालता-खेळता सोबत्याशी पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले पाहिजे, वाक्य मध्येच तुटू लागले की अर्धशक्ती आली, तेथे थांबावे. नाडीच्या गतीवर विसंबू नये, कारण आपल्या कित्येक रुग्णांना बीटा-ब्लॉकर गटातील औषध चालू असते आणि त्यांची नाडी आयास होऊनही संथच राहते. तुटक लयीच्या खेळात तर ही परीक्षा मध्यंतरात न करता प्रत्येक धावेच्या किंवा फेकीच्या लगेच नंतर करायला हवी. उभे राहून दम परत आला म्हणजे शक्ती शिल्लक आहे, असा भ्रम होतो.

आता ज्या कारणाने हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो ते. हिवाळ्यात खेळून आलेला, डाव्या खांद्यात किंवा दंडात वेदना सांगणारा पन्नाशीतला पुरुष आपल्यापुढे बसतो, तेव्हा आपल्या मनात प्रथम अवबाहुक येतो. थंडी, फेक, खांदा, वायू. संप्राप्ती हाताशी तयार असते. तेल, स्वेद, नस्य आणि गुग्गुळकल्प लिहून आपण मोकळे होतो. बहुतेकांना बरेही वाटते. पण एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या वेदनेत एक विशेष होता. ती क्षेत्ररक्षणाला धावताना येई, उभे राहिले की पाच मिनिटांत जाई, आणि खांदा कसाही फिरवला तरी वाढत नसे. दुसरीकडे त्यांनी दोन रविवार मालिश करून घेतले होते आणि ‘आराम आहे’ असे समाधानही व्यक्त केले होते. आराम मालिशचा नव्हता, बसून राहण्याचा होता. आम्ही त्यांना त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवले. एक रक्तवाहिनी बरीच अवरुद्ध निघाली. ते आज दुकानात बसतात आणि उन्हात फिरायलाही जातात. हालचालीने वाढणारी वेदना सांध्याची आणि आयासाने वाढणारी वेदना हृदयाची असू शकते, हा भेद विचारायला अर्धे मिनिट लागते. छाती, जबडा, पाठ वा दंड यांत आयासाबरोबर येणारी आणि विश्रांतीने जाणारी वेदना असेल तर अभ्यंगाच्या आधी हृदयाचा आलेख, हा क्रम आपल्या संघटनेच्या प्रत्येक सदस्याने निरपवाद मानावा असे आम्हांस वाटते. विश्रांतीतही वेदना थांबत नसेल, सोबत घाम वा दम असेल, तर आलेखासाठीही न थांबता रुग्णालय गाठावे. वैद्याने हृद्रोगाची शंका घेतली म्हणून आयुर्वेदाला कमीपणा येत नाही; हृद्रोग हा आपल्याही संहितांचा विषय आहे.

व्यवस्थापत्राविषयी एक सूचना. आपण औषधाची मात्रा, काल, अनुपान बारकाईने लिहितो आणि शेवटी ‘व्यायाम करावा’ एवढेच लिहितो. हे म्हणजे ‘औषध घ्यावे’ असे लिहिण्यासारखेच झाले. आम्ही अलीकडे हिवाळ्यात ते विस्ताराने लिहू लागलो आहोत. आदल्या रात्री तूप घातलेले, पचेल असे जेवण, वेळेवर. सकाळी कोमट तिळतेल खांदे, पाठ, गुडघे आणि तळपाय यांना. (तळहात मात्र कोरडे पुसावेत, तेलकट हाताने ना बॅट नीट धरली जाते, ना चकती.) मग सूर्य वर आल्यावर घराबाहेर पडणे, पहिली पंधरा मिनिटे नुसते चालणे आणि खांदे हलकेच फिरवणे, पहिल्या काही फेकी मुद्दाम आखूड ठेवणे. आळीपाळीच्या खेळात आपली पाळी नसताना उभे न राहता येरझाऱ्या घालणे. खेळ संपताच ओला कपडा बदलणे, उष्ण जलाने स्नान, त्यानंतर पोटभर न्याहारी. उडदाचे, गव्हाचे, दुधाचे पदार्थ या ऋतूत जाचत नाहीत, अर्थात मधुमेह्याला त्याच्या मर्यादेत. चाळिशीपुढील ज्याने वर्षभर काही केले नाही, ज्याला रक्तदाब, मधुमेह वा धूम्रपान आहे, त्याने खेळापूर्वी हृदयाची तपासणी आणि पहिला पंधरवडा केवळ चालणे. अजीर्ण, ज्वर वा कास असेल त्या दिवशी सुट्टी.

त्या चकतीच्या खेळाविषयी आमचे मत विचाराल तर तो आपल्याकडे आला तर आम्हांस आनंदच होईल. त्यात कोणी अंगावर धावून येत नाही, वेग ज्याचा त्याने ठरवायचा असतो, आजोबा आणि नातू एकाच डावात खेळू शकतात, आणि चालणे खेळाच्या ओघात घडते. नुसते चाला म्हटले की कंटाळणाऱ्या मधुमेह्याला असे काही निमित्त लागते. शहराभोवती टेकड्या आहेत, माळरान आहे. फार काय, लगोरी आणि विटीदांडूचे हात विसरलेली आमची पिढी ‘ताटल्या कसल्या फेकता’ म्हणून थोडी हसेल, मग स्वतःच एक ताटली मागेल.

शिशिरासंबंधी एक शब्द. माघ लागला की थंडी ओसरली असे समजून रुग्ण तेल आणि तूप सोडतात. वास्तविक शिशिरात आदानकाल सुरू झाल्यामुळे हेमंतातील शीताला रूक्षतेची जोड मिळते. म्हणून शास्त्रकारांनी तोच विधी शिशिरात अधिक कटाक्षाने पाळण्यास सांगितले आहे. आमच्याकडे कंबर धरून आणि खांदा आखडून येणारे खेळाडू संक्रांतीनंतरच्या पंधरवड्यात वाढतात, आणि विचारले असता अभ्यंग बंद होऊन आठ-दहा दिवस झालेले असतात.

चिकित्सालयात येणाऱ्या ‘पोराला समजवा’ म्हणणाऱ्या गृहस्थांना आम्ही आता प्रथम खुर्चीवर बसवून त्यांचाच रक्तदाब मोजतो. परदेशातल्या मुलाशी बोलण्याची वेळ आलीच तर त्याला एवढेच सांगतो की थंडीत चकती आखूड पडेल, ती तशीच पडू दे.